ओकावांगोचा तंबू-कॅम्प: मोजलेले पैसे नेमके कशाचे?

मृगशीर्ष

बोटस्वानातील ओकावांगो त्रिभुज प्रदेशातल्या आलिशान तंबू-कॅम्पांविषयी या चर्चामंचावर अधूनमधून विचारणा होते आणि चर्चा बहुतेक वेळा दरापाशी येऊन अडते. ऐन हंगामात माणशी एका रात्रीचे एक हजार ते अडीच हजार अमेरिकी डॉलर, काही ठिकाणी त्याहूनही बरेच जास्त, असा आकडा दिसला की पुढे वाचायची इच्छा उरत नाही, हे मला मान्य आहे. आम्ही दोघे गेल्या जुलैत तिथे राहून आलो आणि एकाहून अधिक कॅम्प पाहिल्यामुळे थोडी तुलनाही करता आली. त्यातून झालेले मत आधीच सांगून टाकते. पैसे पडतात ते तंबूभोवतीच्या मोकळ्या जमिनीचे, तंबूचे फार थोडे. म्हणून निवड करताना आधी जमीन पाहावी, मग महिना पाहावा आणि आंघोळीचा टब, खासगी तरणतलाव वगैरेंचा विचार सर्वांत शेवटी करावा.

बोटस्वानाने पर्यटनात 'माणसे कमी, दर जास्त' हे धोरण जाणूनबुजून स्वीकारले आहे. वन्यजीवांसाठी राखलेला मुलूख मोठमोठ्या पट्ट्यांत विभागलेला असून ते पट्टे ठराविक मुदतीच्या भाडेकराराने कंपन्यांना किंवा स्थानिक लोकांच्या न्यासांना दिले जातात. तिथे त्यांना 'कन्सेशन' म्हणतात. एकेका कन्सेशनमध्ये कॅम्प मोजकेच असतात आणि एका कॅम्पात तंबू साधारण आठ ते बारा. याच प्रदेशातले मोरेमी अभयारण्य हे तिथल्या बाटावाना जमातीच्या लोकांनी १९६३ साली स्वतःच्या भूमीवर राखून ठेवलेले रान आहे. तिथे रस्ता सोडून गाडी नेता येत नाही आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे लागते. शेजारच्या खासगी कन्सेशनमध्ये मात्र गाइड बिबट्यामागे झुडपांत गाडी घालू शकतो, सूर्यास्तानंतर प्रकाशझोत घेऊन फिरवू शकतो आणि पायीही नेऊ शकतो. रानकुत्र्यांच्या एका टोळीमागे आमची गाडी मोपेनच्या झुडपांतून बराच वेळ आडवीतिडवी पळत होती आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या एकाही गाडीचे इंजिन कानावर आले नाही. दरपत्रकातला मोठा हिस्सा या एका गोष्टीचा आहे.

आता तंबूविषयी. जमिनीपासून उंच उचललेल्या लाकडी मंचावर जाड कॅनव्हासची खोली, तिन्ही बाजूंना बारीक जाळीच्या मोठ्या खिडक्या, आत उत्तम पलंग, पलंगामागे न्हाणीघर आणि बहुतेक ठिकाणी उघड्यावर आणखी एक शॉवर, अशी रचना असते. पक्के बांधकाम मुद्दाम टाळतात, कारण उद्या कॅम्प उठवावा लागला तर जमिनीवर फारशी खूण राहू नये अशी अपेक्षा असते. वीज आता बऱ्याच ठिकाणी सौर आहे, त्यामुळे केस वाळवण्याचे यंत्र चालेलच असे धरून जाऊ नये. कॅम्पाला कुंपण नसते. रात्री जेवणाच्या मंडपातून तंबूपर्यंत एकट्याने जायचे नाही, कर्मचारी विजेरी घेऊन सोबत येतो आणि एकदा आत शिरून चेन ओढली की सकाळी तो हाक मारायला येईपर्यंत बाहेर पडायचे नाही. उशाशी हवेचा भोंगा ठेवलेला असतो, तो केवळ खऱ्या संकटासाठी.

आमच्या तंबूलगत मोकोलवाने नावाचे ताडासारखे झाड होते. एका दुपारी एक हत्ती आला, त्याने कपाळ खोडाला टेकवले आणि सारे अंग मागेपुढे करत झाड असे काही हलवले की लिंबाएवढी तपकिरी फळे कॅनव्हासच्या छपरावर धडाधड पडू लागली. मग तो सोंडेच्या टोकाने एकेक फळ वेचून तोंडात टाकत राहिला. मधे जाळी आणि जेमतेम चार हातांचे अंतर. त्याच्या पोटातली गुरगुर स्पष्ट ऐकू येत होती आणि पापणीचे लांब केस मोजता आले असते.

भूगोल समजला तर या जागेची खरी गोडी कळते, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी लिहिते. पाऊस पडतो अंगोलाच्या पठारावर, मुख्यतः आपल्याकडच्या हिवाळ्याच्या शेवटी. क्युबांगो आणि क्युइतो या नद्यांतून ते पाणी बोटस्वानात उतरते, परंतु त्रिभुज प्रदेशाचा उतार इतका क्षीण आहे (अडीचशे किलोमीटरमध्ये साठेक मीटर) की पाणी अक्षरशः रांगत पुढे सरकते आणि दक्षिण टोकाच्या माऊन गावाशी जून-जुलैच्या सुमारास पोहोचते. म्हणजे जेव्हा स्थानिक पाऊस पूर्ण थांबलेला असतो आणि आजूबाजूचे कलाहारी वाळवंट कोरडे पडलेले असते, नेमका तेव्हा इथे पूर येतो. समुद्राला न मिळणाऱ्या या नदीचे जवळजवळ सारे पाणी बाष्पीभवनाने आणि झाडांच्या श्वासावाटे हवेत जाते.

असे असताना पाणी खारट का होत नाही, हा प्रश्न मी गाइडला विचारला. उत्तर देण्याऐवजी तो आम्हांला एका छोट्या बेटावर पायी घेऊन गेला. यातली असंख्य बेटे मुळात वाळवीच्या वारुळांपासून सुरू झाली आहेत. पुरातही कोरडे राहिलेल्या वारुळावर पक्ष्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, झाडे उगवतात आणि ती मुळांनी भोवतालचे पाणी शोषतात. क्षार मात्र जमिनीखाली मागे उरतात आणि बेटाच्या मध्याकडे साचत जातात. आम्ही काठाच्या गर्द सावलीतून चालत आत गेलो तसतशी झाडे विरळ झाली आणि मधोमध पांढुरका, भुसभुशीत, एकही गवताची काडी नसलेला गोल उघडा पडला. त्याने चिमूटभर माती जिभेला लावून दाखवली. बेटाने मीठ स्वतःच्या पोटात घेतल्यामुळे भोवतालचे पाणी गोडे राहते. कॅम्प नेहमी बेटाच्या काठावरच्या झाडीत का असतात, हेही त्यावरून उमगले.

दिनक्रम सर्वत्र सारखाच असतो. पहाटे साडेपाचला उठवतात, सहाच्या सुमारास गाडी निघते, दहा-अकराला परत, मग भरपेट जेवण, दुपारी विश्रांती, साडेतीनला चहा आणि चार ते अंधार पडेपर्यंत दुसरी फेरी. पाणी पुरेसे असेल तिथे एखाद्या फेरीऐवजी मोकोरोतून नेतात. ही अरुंद होडी पूर्वी एका खोडातून कोरत, आता झाडे वाचावीत म्हणून बहुतांशी फायबरची असते. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.

वऱ्हाडी

सविस्तर लेखनाबद्दल आभार. बेटांची माहिती मला सर्वस्वी नवी होती. मात्र 'पैसे जमिनीचे' या मुद्द्यावर थोडा वाद घालतो.

आम्ही चंद्रपूरकडचे लोक ताडोबात वाढलो. तिथे सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक घेऊन जिप्सी ठरलेल्या रस्त्यावरूनच फिरते, वेळेत फाटकाबाहेर पडावे लागते आणि वाघ दिसला की मागेपुढे जिप्स्यांची रांग लागते, हे खरे आहे. परंतु त्याच व्यवस्थेमुळे मध्यमवर्गीय माणूसही वाघ पाहू शकतो. एखाद्या देशाने आपले रान श्रीमंत परदेशी पाहुण्यांपुरते ठेवले आणि आपण त्या शांततेचे कौतुक केले, तर त्या देशातल्या शाळामास्तराने हत्ती कुठे पाहायचा? शिवाय रस्ता सोडून गाडी घालण्याचे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. आपल्याकडे कोअर क्षेत्रात असे कोणी केले तर त्याचा परवाना रद्द होईल, आणि तो व्हावाच.

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर उद्यानात स्वतःची गाडी घेऊन फिरता येते आणि सरकारी कॅम्पांतही तंबू असतात, असे ऐकून आहे. तो पर्याय इथे कोणी तपासला आहे का?

दूरदेशी

मी बऱ्याच वर्षांपासून जोहान्सबर्गला राहतो, त्यामुळे क्रूगरविषयी लिहू शकेन.

वऱ्हाडी, तुमची माहिती बरोबर आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यान १९२६ साली जाहीर झाले. ते सुमारे २०,००० चौरस किलोमीटरचे असून त्याच्या मोठ्या भागात डांबरी रस्ते आहेत. भाड्याची साधी मोटार घेऊन कोणीही फिरू शकतो. लोअर साबी, लेताबा आणि ओर्पेन फाटकाजवळचे तांबोटी इथे सरकारी तंबू आहेत. तांबोटीचे तंबू कोरड्या नदीपात्राच्या काठावर आहेत. बाहेर शेगडी, आत पलंग आणि पंखा, आणि काहींना स्वतंत्र न्हाणीघरही असते. खर्च ओकावांगोच्या आलिशान कॅम्पाच्या तुलनेत अगदीच किरकोळ पडतो. शाळामास्तर तिथे येतात, सुट्टीत तर फार मोठ्या संख्येने येतात. अट इतकीच की गाडीतून उतरायचे नाही, कॅम्पाचे फाटक बंद होण्यापूर्वी परतायचे आणि दार उघडे टाकून जायचे नाही, कारण माकडे आणि बबून पाच मिनिटांत सारा शिधा फस्त करतात.

मृगशीर्ष म्हणतात त्या प्रकारचा अनुभव क्रूगरच्या पश्चिमेला लागून असलेल्या साबी सँड आणि टिंबावाटी या खासगी राखीव क्षेत्रांत मिळतो. साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधले कुंपण १९९३ साली काढून टाकले, त्यामुळे प्राणी दोन्हीकडे मोकळेपणी फिरतात. तिथे गाडीच्या बॉनेटवर बसवलेल्या छोट्या आसनावर माग काढणारा बसतो आणि गाइड चालवतो. पुष्कळसे मागकाढे शांगान समाजातले असतात. धुळीत उमटलेल्या ठशाची कड अजून तीक्ष्ण आहे की वाऱ्याने बोथट झाली आहे, यावरून बिबट्या रात्री गेला की तासाभरापूर्वी, हे ते सांगतात. बिबट्या जवळून पाहायचा असेल तर माझ्या मते साबी सँडला तोड नाही. पाण्यातली सफर, बेटे, मोकोरो हे मात्र तिथे मिळणार नाही.

रस्ता सोडण्याबद्दलचा आक्षेप रास्त आहे. चांगल्या राखीव क्षेत्रांत त्याला नियम असतात. ओल्या जमिनीवर जायचे नाही, एका प्राण्याभोवती दोन-तीनच गाड्या थांबवायच्या आणि लहान पिल्ले असलेल्या गुहेजवळ फिरकायचे नाही, हे गाइड वायरलेसवर आपसांत ठरवून घेतात. तरीही हे सारे गाइडच्या सचोटीवर अवलंबून असते, हे कबूल करायला हवे.

अनुराधा_क

मृगशीर्षताई, आम्ही पुढच्या वर्षी सासूबाई आणि सासरे यांना घेऊन जाण्याचा विचार करत आहोत. दोघेही सत्तरीच्या आसपास आहेत. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. तिथे त्यांची उपासमार होणार नाही ना? आणि ती छोटी विमाने ज्येष्ठांना झेपतात का?

मृगशीर्ष

अनुराधा, उपासमार नक्कीच होणार नाही. आरक्षण करतानाच आहार लेखी कळवावा आणि तिथे पोहोचल्यावर स्वयंपाकघराच्या प्रमुखाला स्वतः भेटावे. कॅम्पाला शिधा माऊनहून ट्रकने किंवा विमानाने येतो, त्यामुळे ऐनवेळी मागितलेली वस्तू मिळत नाही, पण आधी कळवले तर फार मनापासून करतात. फक्त 'शाकाहारी' असे लिहून थांबू नका. अंडे, मासे, चीजमधले रेनेट (वासराच्या जठरातून काढलेले विरजण) आणि सूपसाठी वापरलेले हाडांचे पाणी, यांतले काय चालत नाही ते एकेक करून लिहा. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि तिच्यासोबत भोपळ्याच्या पाल्याची भाजी असा तिथला साधा जेवणप्रकार आहे. आपल्या तांदळाच्या उकडीवर वाढलेल्या माणसाला तो परका वाटत नाही. आमच्या पहिल्या कॅम्पातल्या आचारीणबाईंनी तो कर्मचाऱ्यांसाठी केला होता, आम्ही मागून घेतला.

घरून चटणी, खाकरे न्यावेत, परंतु तंबूत उघडे ठेवू नयेत. ते कॅम्पाच्या कोठारात ठेवायला द्यावेत. झिंबाब्वेच्या माना पूल्स उद्यानात तर संत्री-मोसंबी न्यायलाच बंदी आहे, कारण हत्तींना त्या वासाची चटक लागून ते गाड्या आणि तंबू फाडू लागले. नागपूरकरांनी विशेष नोंद घ्यावी. बोटस्वानात पशुरोगांमुळे मांस आणि दुधाच्या पदार्थांबाबत तपासणी कडक असते, म्हणून पेढे-बर्फी घरीच ठेवलेली बरी.

माऊनहून कॅम्पाच्या मातीच्या धावपट्टीपर्यंत सेस्ना जातीचे बारा-तेरा आसनांचे किंवा त्याहूनही लहान विमान असते. उड्डाण बहुधा अर्ध्या-पाऊण तासाचे असते, पण उंची कमी असल्याने दुपारच्या उन्हात विमान चांगलेच हिंदकळते. सकाळचे उड्डाण मागून घ्यावे. शिडी चार-पाच पायऱ्यांची असते. खरी अडचण उघड्या उंच गाडीत चढण्याची आहे. सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर आधी कळवा, पायरीचा स्टूल ठेवतात. सामान मऊ पिशवीतच न्यायचे आणि बहुतेक ठिकाणी हातातल्या पिशवीसह २० किलोंची मर्यादा असते. कडक चौकटीची सूटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात शिरतच नाही. कपडे रोज धुऊन मिळतात, म्हणून थोडेच पुरतात. अंतर्वस्त्रे मात्र बऱ्याच कॅम्पांत धुण्यास घेत नाहीत, न्हाणीघरात साबणाची पूड ठेवलेली असते.

कॅमेरावाला

छायाचित्रकारांसाठी थोडी भर घालतो. त्या २० किलोंत कॅमेराही मोजला जातो. मोठी लेन्स असेल तर सामानासाठी विमानात जादा आसन विकत घेता येते, ते आरक्षणाच्या वेळीच सांगावे. तिपाई नेऊ नये, बीन बॅगचे (कॅमेरा टेकवायच्या पिशवीचे) रिकामे कापड न्यावे आणि तिथे धान्य भरून मागावे. ड्रोनचा विचारही मनात आणू नये, उद्यानांत बंदी आहे.

कपड्यांविषयी एक महत्त्वाची सूचना. ताडोबा-पेंचला आपल्याकडचे हौशी लोक लष्करी ठिपक्यांचे शर्ट-टोप्या घालून हिंडतात. झांबिया आणि झिंबाब्वेत सामान्य नागरिकाने तसले कपडे घालणे कायद्याने निषिद्ध आहे, पोलीस ते काढून घेऊ शकतात. गडद निळा आणि काळा रंग निद्रारोग पसरवणाऱ्या चावऱ्या त्से-त्से माशीला ओढून घेतो, त्यामुळे झांबियाच्या लुआंग्वा खोऱ्यात ते रंग टाळावेत. ओकावांगोत तो त्रास राहिलेला नाही, कारण २००१-०२ मध्ये विमानांतून फवारणी करून ती माशी तिथून संपवण्यात आली.

जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पहाटेचे तापमान पाच अंशांपर्यंत खाली येते आणि उघड्या गाडीत वारा अंग कापतो. कॅम्पवाले पांघरायला जाड पोंचो आणि मांडीवर ठेवायला गरम पाण्याची पिशवी देतात, तरीही कानटोपी आणि हातमोजे आपलेच असावेत. कॅमेऱ्याचे बटण दाबायला बोट वळत नाही, अशी स्थिती होते.

मृगशीर्ष यांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मागे एका प्रवास कंपनीने मला 'मोरेमीतला कॅम्प' म्हणून विकलेला तंबू प्रत्यक्षात अभयारण्याच्या बाहेर, वस्तीजवळ निघाला. रोज फाटकापर्यंत तासभर जायचे आणि तेवढेच परत यायचे, त्यात पहाटेचा उत्तम प्रकाश संपून जाई. तंबू देखणा होता आणि टब तर फारच देखणा होता. तेव्हापासून मी कॅम्पाचे नाव न पाहता आधी त्याचे अक्षांश-रेखांश मागतो आणि उपग्रहाच्या नकाशावर तपासतो.

शंकासूर

इतक्या सुंदर वर्णनात विरजण घालतो, त्याबद्दल राग नसावा. 'मोकळी जमीन' हा शब्दप्रयोग वाचून मला अडखळायला झाले. ती मोकळी होती की मोकळी केली गेली?

बोटस्वानातलेच मध्य कलाहारी अभयारण्य १९६१ साली स्थापन झाले ते वन्यजीवांबरोबरच तिथे पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या सान या आदिवासी लोकांना आपल्या भूमीत राहता यावे, हाही हेतू ठेवून. पुढे १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना तिथून हलवले आणि पाण्याची विंधनविहीर बंद केली. सान लोक न्यायालयात गेले. डिसेंबर २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना हटवणे बेकायदा ठरवले, तरीही पाणी मिळाले नाही. ते मिळवण्यासाठी त्यांना पुन्हा लढावे लागले आणि २०११ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने विहीर वापरण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. या दरम्यान त्याच अभयारण्यात तरणतलाव असलेला पर्यटकांचा कॅम्प सुरू झाला होता. हजार डॉलर मोजणाऱ्याने निदान हा प्रश्न विचारावा की भाडेपट्ट्याचे पैसे कोणाकडे जातात.

दूरदेशी

शंकासूर यांनी दिलेला घटनाक्रम बरोबर आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. कलाहारी आणि ओकावांगो यांची गोष्ट एकच नाही, इतके मात्र म्हणावेसे वाटते. ओकावांगोत काही कन्सेशने गावांच्या न्यासांकडे आहेत. कंपनी त्यांना भाडे देते आणि स्थानिक लोकांना नोकऱ्या देते. हे पैसे न्यासातून घरोघरी किती पोहोचतात, हा तिथल्याही लोकांचा जुना वादाचा विषय आहे.

लोकांच्या हातात अधिकार देण्याचे स्पष्ट उदाहरण हवे असेल तर शेजारच्या नामिबियाकडे पाहावे. तिथे १९९६ साली कायदा बदलून गावसमूहांना आपल्या सामाईक जमिनीवरील वन्यजीवांचे व्यवस्थापन आणि त्यातून येणारे उत्पन्न यांचा हक्क दिला आणि १९९८ मध्ये पहिल्या संवर्धन संस्थांची नोंदणी झाली. वायव्येकडील तोरा ही त्यांपैकी एक. तिथला डमारालँड कॅम्प १९९६ साली स्थानिक लोकांशी भागीदारी करून उभा राहिला. वाळवंटाशी जुळवून घेतलेले हत्ती त्या भागात दिसतात. प्राण्यांची गर्दी तिथे नाही, एका फेरीत चार-दोन हत्ती आणि थोडी ओरिक्स हरणे यांवर समाधान मानावे लागते. आपल्या कुनोत सप्टेंबर २०२२ मध्ये आलेले पहिले आठ चित्ते नामिबियातलेच. पुढचे बारा फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आले.

आरक्षणापूर्वी कॅम्पाला सरळ पत्र लिहून विचारावे: कन्सेशन कोणाच्या नावावर आहे, न्यासाला भाडे मिळते का, व्यवस्थापक आणि गाइड यांपैकी किती जण स्थानिक आहेत. ज्यांच्याकडे सांगण्यासारखे असते ते लगेच आणि आकड्यांसह उत्तर देतात. गुळगुळीत उत्तर आले तर समजून घ्यावे.

वऱ्हाडी

दोघांचेही आभार. माझा कल आता क्रूगरच्या सरकारी तंबूंकडे आहे आणि त्याला जोडून एखाद-दुसरी रात्र खासगी राखीव क्षेत्रात काढावी, असे वाटते. घरात सहा वर्षांची मुलगी आहे, तिचे काय?

दूरदेशी

अनेक आलिशान कॅम्प सहा, आठ किंवा बारा वर्षांखालील मुले घेत नाहीत, आणि घेतली तरी स्वतंत्र गाडी भाड्याने घ्यायला लावतात. लहान मुलीसाठी मलेरियामुक्त भागातील राखीव क्षेत्र उत्तम. दक्षिण आफ्रिकेतच, बोटस्वानाच्या सीमेलगत माडिक्वे आहे. ती पूर्वी चराईने उजाड झालेली शेतजमीन होती. १९९१ ते १९९७ या काळात तिथे आठ हजारांहून अधिक प्राणी आणून सोडले. सिंह, हत्ती आणि रानकुत्रे तिन्ही दिसतात, आणि जोहान्सबर्गहून मोटारीने जाता येते. सरकारी कॅम्पांत मुलांना मज्जाव नाही.

व्हिसाचे लक्षात ठेवा. भारतीय पारपत्रावर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आधी काढावा लागतो आणि बोटस्वानाचा वेगळा. जोहान्सबर्गला मुक्काम करून माऊनला जायचे आणि परत येऊन पुन्हा मुक्काम करायचा असेल, तर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा.

वैद्यबुवा

डॉक्टर म्हणून थोडक्यात लिहितो. ओकावांगो, क्रूगर आणि झांबिया हे मलेरियाचे प्रदेश आहेत. तिथल्या पावसाळ्यात धोका वाढतो, तिथल्या हिवाळ्यात कमी होतो पण शून्य होत नाही. प्रतिबंधक गोळ्या प्रवासापूर्वी सुरू करून परतल्यावरही ठरावीक दिवस चालू ठेवायच्या असतात आणि कोणती गोळी योग्य ते वय व इतर औषधे पाहून ठरते, त्यामुळे मित्राची चिठ्ठी वापरू नये. परतल्यावर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाचे आधी सांगावे.

विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचा प्रश्न येतो. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र नसल्यास जाताना दक्षिण आफ्रिकेत आणि येताना आपल्याच विमानतळावर अडचण होऊ शकते. ज्येष्ठांना ही लस देण्यापूर्वी विशेष विचार करावा लागतो, म्हणून अनुराधाताईंनी शक्यतो थेट किंवा आखातामार्गे जाणारे विमान निवडावे. विम्यात विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे वाचून घ्यावे. कॅम्पांच्या धावपट्ट्यांवर रात्री दिवे नसतात, त्यामुळे हृदयविकाराच्या रुग्णाने हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

अनुराधा_क

फार मोलाची माहिती मिळाली. शेवटचा प्रश्न. आम्हांला दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी मिळते. कोणती घ्यावी?

कॅमेरावाला

दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली तर उष्मा फार असतो, पारा चाळीशीला टेकतो आणि कॅनव्हासचा तंबू दुपारी तापतो. पण पाणवठे आटल्यामुळे प्राणी उरलेल्या पाण्याशी एकवटतात, आणि नदीकाठच्या दरडींत किरमिजी वेडे राघू मोठ्या संख्येने घरटी करतात. माझ्यासारख्याला तो महिना प्रिय आहे, ज्येष्ठांसाठी मी सुचवणार नाही. नोव्हेंबरपासून पाऊस सुरू होतो. दर उतरतात, हरणांची पिल्ले जन्मतात आणि रात्री लव्हाळ्यांतल्या नखाएवढ्या बेडकांचा आवाज काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा सर्व बाजूंनी येतो. गवत मात्र वाढलेले असते, प्राणी शोधावे लागतात.

मृगशीर्ष

मी मे महिना म्हणेन. पाऊस संपलेला असतो, हवा स्वच्छ असते, थंडी जुलैइतकी बोचरी नसते आणि अंगोलाचे पाणी उत्तरेकडच्या भागात पोहोचलेले असते. बऱ्याच कॅम्पांचे दर जूनपासून वर जातात, त्यामुळे मेमध्ये तोच तंबू लक्षणीय स्वस्त पडतो. वर्षभर पाणी टिकणारे कन्सेशन निवडलेत तर मोकोरोही मिळेल. ज्यांचे पाणी पुरावर अवलंबून आहे, तिथे मेमध्ये होडी चालेल की नाही हे कॅम्पाकडून लेखी विचारून घ्या.

बक्षिशीसाठी सुट्टे डॉलर न्या. गाइडला माणशी रोज दहा ते वीस डॉलर आणि बाकी कर्मचाऱ्यांसाठी सामाईक पेटीत काही रक्कम, असा साधारण प्रघात आहे. पॅकेज भारतातून घेतले तर त्यावर कापला जाणारा टीसीएस (विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला प्राप्तिकर) विवरणपत्रात वजा मागता येतो, पण तेवढी रक्कम आधी हाताशी ठेवावी लागते. चांगल्या कन्सेशनमधले तंबू मोजके असल्याने मेसाठीही वर्षभर आधी भरतात. म्हणून सासूसासऱ्यांची पारपत्रे वैध आहेत का ते आजच पाहा आणि तारखा धरून ठेवा.